एकच टायर: ऑफिस, ताम्हिणी आणि मद्रासचा ट्रॅक

वळणवेडी (पुणे)

नमस्कार मंडळी. बाइक केटीएमची आरसी ३९०, २०१६ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली. टायर मेत्झेलर एम ५, आधीच्या मालकाने बसवलेले. मागचा मधोमध इतका चपटा झालाय की वळणात बाइक आधी अडून बसते आणि मग एकदम कलंडते. खाचेतला झिजेचा उंचवटाही वर आलाय, त्यामुळे बदलायचे की नाही हा प्रश्नच उरला नाही.

वापर सांगते. सोमवार ते शुक्रवार कोथरूड ते हिंजवडी, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबत. सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी नाहीतर वरंधा, आणि पावसाळ्यात तर हमखास. जानेवारीत मद्रासच्या ट्रॅकवर दोन दिवसांचं ट्रेनिंग बुक केलंय, पहिल्यांदाच. बाइक चालवतच न्यायचा विचार आहे. पुढे वर्षातून एखाद-दोन ट्रॅक डे, खिशाला झेपतील तसे.

विचारलं तितकी मतं मिळाली. टायरवाला म्हणतो मागे १५० च्या जागी १६० मिमी रुंदीचा घ्या मॅडम, लूक येतो. ऑफिसातला मित्र म्हणतो ट्रॅकला चाललीस तर स्लिकच, म्हणजे बिनखाचांचे शर्यतीचे टायर, हवेत. भाऊ म्हणतो टूरिंगचे टाक आणि चार वर्षं विसरून जा. सेट एकच परवडणार आहे. ट्रॅकवर अडणार नाही आणि जुलैत ताम्हिणीत जीव मुठीत धरावा लागणार नाही, असं काही मिळतं का?

टॉर्क_तुका (नाशिक)

पिरेलीचा सुपरकोर्सा, शर्यतीचा टायर. डोळे झाकून घ्या. पावसाळ्यात बाइकवर ताडपत्री टाका. विषय संपला.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

तुकाभाऊ, तुमचा विषय संपला, पण ताईंना जुलैत ऑफिसला जायचंय.

ताई, मी उद्यमनगरात टायर बसवायचं काम करतो, जास्त करून बाइकचंच. आमच्या गावाला शर्यतीचं वेड जुनं आहे. पोरं ट्रॅकला जाताना नवा सेट बसवून जातात आणि आल्यावर तोच टायर दाखवायला परत येतात. परत आलेला टायर हातात घेतला की जे कळतं ते कॅटलॉगात नसतं.

पहिलं म्हणजे स्लिकचं डोक्यातनं काढा. रबर ठरावीक तापमानाला आलं की धरतं, त्याच्या आधी नाही. स्लिकला साधारण ऐंशी अंशांच्या पुढं न्यावं लागतं, म्हणूनच ट्रॅकशेजारच्या पॅडॉकमध्ये त्याला वॉर्मर, म्हणजे विजेवर तापणारी पट्टी, गुंडाळून ठेवतात. तुम्ही पहिल्यांदा जाणार, लाइन, म्हणजे वळणातली वाट, शिकणार, मधेमधे शिक्षक थांबवणार. तेवढ्यात स्लिक तापतच नाही, आणि न तापलेला स्लिक साध्या रस्त्याच्या टायरपेक्षा वाईट. त्यात रस्त्यावर तो चालवता येत नाही. शिरवळला एक सर आली तर पुलाखाली थांबून बसा.

आणि ३९० ला त्याची गरजही नाही. २०१७ ला सुपरस्पोर्ट ३०० ची जागतिक मालिका सुरू झाली. आरसी ३९० त्याच वर्गातली बाइक. ती सगळी पोरं कोरड्यात पिरेलीच्या सुपरकोर्सावर, म्हणजे खाचा असलेल्या टायरवरच लढायची, स्लिकवर नाही. जगातली निवडक पोरं ज्याच्यावर गुडघा टेकवतात त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त काय लागणार?

मग तुम्ही म्हणाल, सुपरकोर्साच का नको. गणित मांडा. पुणे-मद्रास जाऊन-येऊन सव्वादोन हजार किलोमीटरच्या वर. ट्रॅकवर दोन दिवसांत होणार अडीच-तीनशे. रस्ता तर सगळा एनएच ४८. पुण्यातनं सुटला की सातारा, कराड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, वेल्लोर करत तोच रस्ता ट्रॅकच्या दारावरनं जातो. सरळसोट आणि गरम. म्हणजे टायरची झीज होणार हायवेवर, तीही मधल्या पट्टीवर, आणि ट्रॅकवर कामाला लागणार कडा. शर्यतीचा मऊ टायर घेऊन गेलात तर श्रीपेरंबुदूरला, म्हणजे ट्रॅकपाशी, पोचेपर्यंत मधला भाग बसायला लागतो आणि आज जी तक्रार करताय तीच नव्या टायरवर घेऊन तुम्ही ट्रॅकवर उतरणार. आमच्याकडची पोरं बाइक पिकअपमध्ये घालून नेतात, त्यांना सुपरकोर्सा चालतो. तुम्हाला नाही.

तुम्हाला हवाय मधला वर्ग. रस्त्याचाच स्पोर्ट टायर, रेडियल, म्हणजे आतले धागे सरळ आडवे असलेला, मधे टणक आणि कडेला मऊ रबर असेल तर उत्तम. हा वॉर्मरशिवाय दोन-तीन लॅपमध्ये तयार होतो आणि रबरात सिलिका असल्यानं ओल्या रस्त्यावरही धरतो. तुमच्या मापात, म्हणजे पुढं ११०/७० आर १७ आणि मागं १५०/६० आर १७, पिरेलीचा डायब्लो रोसो ४ आहे, २०२१ ला आला. त्याच्या आधीचा रोसो ३ अजून कुठंकुठं मिळतो. अपोलोचा अल्फा एच १ याच मापात येतो आणि पिरेलीच्या मानानं बराच स्वस्त पडतो. तुमचा एम ५ सुद्धा याच जातीचा, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. मेत्झेलर आणि पिरेली तसे एकाच घरातले, १९८६ पासून.

भावाचंही अगदीच चूक नाही हां. टीव्हीएसनं २०२० ला अपाची आरआर ३१० ला मिशेलिनचा रोड ५ दिला, आणि ती बाइक पोरं ट्रॅकवरही नेतात. पावसात त्याला तोड नाही. फक्त वेग वाढला, दुपारचं डांबर तापलं की टूरिंगचा टायर लवकर दमतो. तुम्ही वर्षातनं एकदाच जाणार असता तर मी तोच सांगितला असता.

माझं विचाराल तर पैसे असतील तर रोसो ४. नसतील तर अल्फा, आणि वाचले त्यात चांगलं प्रेशर गेज घ्या. पहिल्या ट्रेनिंगला टायरचा ब्रँड जितका फरक पाडत नाही तितका हवेच्या दाबातल्या दोन पीएसआयचा पडतो.

१६० बद्दल. तुमचं मागचं रिम ४ इंची. त्याच्यावर १६० बसतो, पण दोन्ही बाजूंनी चिमटून बसतो, मधला फुगवटा उंच होतो आणि कडेचं रबर जमिनीला नीट टेकतच नाही. बाइक वळायला जड होते ती वेगळीच. दुकानात उभी असताना लूक येतो, एवढंच.

घेताना साइडवॉलवरचे चार आकडे बघा. २४२५ असेल तर २०२५ सालचा चोविसावा आठवडा. या मापाचा माल दुकानात पडून राहतो. दोन-तीन वर्षांचा जुना दाखवून सूट देतो म्हणाले तर हात जोडून निघा. पुढचा-मागचा एकाच जातीचा घ्या, एक रेडियल आणि एक नायलॉनचा, तिरप्या धाग्यांचा, असला घोळ नको. आणि बसवताना बाण बघून, मशीनवर, बॅलन्सिंग करून. लोखंडी पट्टीनं रिम उचकटणाऱ्याकडं अलॉय देऊ नका.

दोन_रिम (ठाणे)

उद्यमनगरींशी बऱ्याच अंशी सहमत, पण एक वेगळा हिशोब. ट्रॅकची चटक लागली की दुसऱ्या वर्षी चार-पाच दिवस होतात. तेव्हा जुन्या बाजारातून रिमचा एक जोड घ्या, डिस्क आणि स्प्रॉकेटसकट. त्यावर ट्रॅकचे टायर, मूळ रिमवर टूरिंगचे. अर्ध्या तासात बदली. दोन्ही सेट जास्त टिकतात. मात्र बाइक टेम्पोने न्यावी लागेल, आणि फ्लॅटमध्ये दोन चाकं कुठे ठेवायची यावर घरात काय ऐकावं लागतं ते मी इथे लिहीत नाही.

वळणवेडी (पुणे)

उद्यमनगरी दादा, मनापासून आभार. १६० चा प्रश्न मिटला. दोन_रिम, आमच्याकडे हेल्मेट ठेवायला जागा नाही, चाकं कुठली.

दोन शंका. एक, दोन पीएसआय म्हणालात ते नक्की कुठून कुठे? मी नेहमी २९ ठेवते दोन्हीकडे, पेट्रोल पंपावर. ट्रॅकला गेल्यावर हवा कमी करायची असं सगळे म्हणतात, कोणी २४ म्हणतं, कोणी २६. दुसरं, आई म्हणतेय बाइक ट्रेनने पाठव आणि तूही ट्रेनने जा. ट्रेनने गेले तर टायरची निवड बदलेल का?

सांबारप्रेमी (श्रीपेरंबुदूर)

मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे इथे. ट्रॅक इरुंगाट्टुकोट्टईला आहे, ह्युंदाईच्या कारखान्याच्या पट्ट्यातच, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सुट्टीला आवाज आला की पाय तिकडे वळतात. ३.७ किलोमीटर, बारा वळणं.

हवेचं गणित मी सांगतो, ते शाळेतल्या विज्ञानाचंच आहे. टायरचं आकारमान फारसं बदलत नाही, त्यामुळे आतली हवा जितकी तापते तितका दाब वाढतो. फक्त गेज दाखवतं ते वातावरणाच्या वरचं, म्हणून त्यात आधी १४.७ मिळवायचे आणि तापमान केल्विनमध्ये, म्हणजे अंशांत २७३ मिळवून, धरायचं. समजा थंड टायरमध्ये २८ आहेत आणि हवा ३० अंशांची. म्हणजे एकूण ४२.७. सेशननंतर, म्हणजे ट्रॅकवरची एक पाळी संपल्यावर, आतली हवा ७० अंशांवर गेली तर ४२.७ गुणिले ३४३ भागिले ३०३, उत्तर येतं ४८.३. त्यातून १४.७ वजा केले की गेजवर ३३.६ दिसणार. साडेपाच पीएसआयची वाढ, एकही पंप न मारता.

म्हणून "२४ ठेवा, २६ ठेवा" याला एकटं काही मोल नाही. कोणी, कुठल्या टायरवर, कुठल्या वेगाने आणि किती वाजता मोजले हे कळल्याशिवाय तो आकडा निरुपयोगी. शर्यतीचे टायर कमी दाबावर चालवायला बांधलेले असतात आणि तो सल्ला तिथून उचलून सगळीकडे वाटला जातो. रस्त्याच्या टायरमध्ये २४ ठेवून जोरात गेलात तर टायरची बांधणी लवत राहते, भलताच तापतो, आणि पुढचं चाक ब्रेकखाली लदबदतं.

आणखी एक. जानेवारीत इथे सकाळी बावीसेक अंश असतात, दुपारी तीसच्या आसपास. सकाळी २८ भरून बाइक नुसती उभी ठेवली तरी दुपारी एक पीएसआयने जास्तच दिसेल. उन्हात उभी असेल तर त्याहून पुढे. म्हणून पॅडॉकमध्ये सावली पकडा, आणि मोजायचं ते सेशनहून आल्या आल्या, हेल्मेट काढायच्या आधी. दहा मिनिटं गप्पा मारून मोजलेलं काही उपयोगाचं नाही.

तपासणीच्या वेळी टायर बघतात, चिरा किंवा खिळा दिसला तर आत सोडत नाहीत. पंक्चरची दोरी ठोकलेला मागचा टायर घेऊन येऊ नका. हायवेवर येताना पंक्चर झालं तर? हा प्रश्न मी इथे पोचलेल्या एका मुलाच्या चेहऱ्यावर बघितलाय.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

साताऱ्याच्या साहेबांनी गणित चोख सांगितलं. मी फक्त हातानं काय करायचं ते सांगतो.

पेट्रोल पंपाच्या मीटरवर जाऊ नका. दोन पंपांवर दोन आकडे येतात. स्वतःचं गेज घ्या, ते थोडं चुकीचं असलं तरी रोज तितकंच चुकतं, त्यामुळं तुलना बरोबर राहते. पहिल्या सेशनला तुमचे २९ आहेत तेच राहू द्या. आलं की मोजा. पाच-सहानं वाढले असतील तर टायर मजेत आहे, हात लावू नका. तीनच्या आत वाढले तर तो तापतच नाही. हवा जास्त आहे किंवा तुम्ही अजून सावकाश आहात. पहिल्या दिवशी बहुतेक दुसरंच कारण असतं, म्हणून लगेच हवा सोडू नका, दोन सेशन जाऊ द्या. मग थंड असताना एकेक पीएसआय कमी करा. आठ-नऊनं वाढले तर उलट, थंडला हवा कमी पडतीये, भरा.

मग खाली बसा आणि टायरच्या कडेवरनं अंगठा फिरवा. त्या दिवशी कुणी कितीही सल्ले देऊ देत, टायर खोटं बोलत नाही. चांगला चाललेला असेल तर पृष्ठभाग जाड रव्यासारखा लागतो, बारीक, सगळीकडं सारखा, रंग गडद काळा. त्याच्या जागी रबराचे पापुद्रे निघालेत, एका बाजूला धार लागतीये, खालचं रबर चकचकीत दिसतंय, तर तो गार असताना ओढला गेलाय. वर वर निळसर झाक आणि तेलकट चमक आली तर जास्त तापलाय. आणि मागच्या कडेला तिरप्या लाटा उमटल्या असतील तर सगळा दोष टायरला देऊ नका, मागच्या सस्पेन्शनचं रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उसळायचा वेग, बघा. निम्मी पोरं तिथं फसतात आणि नवा टायर मागायला माझ्याकडं येतात. माझा धंदा होतो, पण त्यांचा प्रश्न तसाच राहतो.

उजवी-डावी वेगळी दिसली तर घाबरू नका. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त भरतात, उजवी कड आधी खाल्ली जाते. आणि कडेला बोटभर रबर कोरं राहिलं म्हणून कुणी चिडवलं तर हसून सोडून द्या. ती कोरी पट्टी, म्हणजे चिकन स्ट्रिप, घालवायच्या नादात पडलेल्यांचे फेअरिंग मी बघितलेत.

आता ट्रेन. आईचं ऐका. टायरसाठी म्हणून नाही, तुमच्यासाठी. साडेअकराशे किलोमीटर वाकून गेल्यावर दुसऱ्या दिवशी मनगटं आणि मान कामाची राहत नाहीत, आणि ट्रेनिंगचे पैसे तिथं वाया जातात. पार्सलला टाकताना टाकी पूर्ण रिकामी करायला लावतात, पॅकिंगला गोणपाट आणि पेंढा तिथंच बांधून देतात. आरसे आणि लिव्हर मात्र स्वतः काढून पिशवीत घ्या. चार-पाच दिवस आधी पाठवा, वेळेचा भरवसा नसतो.

निवड बदलेल का, तर नाही. ट्रेननं गेलात तरी उरलेलं वर्ष हिंजवडी आणि ताम्हिणीच आहे. फायदा एवढाच की रोसोची मधली पट्टी सव्वादोन हजारानं वाचेल. एक मात्र करा. टायर डिसेंबरच्या सुरुवातीलाच बसवा. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर नव्या टायरवर वरचं गुळगुळीत कातडं असतं, ते घाटात हळूहळू कडेपर्यंत उतरवून घ्या. कोरा टायर थेट ट्रॅकवर नेऊन पहिल्याच लॅपला झोपवायचा नाही.

टॉर्क_तुका (नाशिक)

नायट्रोजन राहिला. भरायचा का?

उद्यमनगरी (कोल्हापूर)

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो भाऊ. शर्यतीत वापरतात कारण तो कोरडा असतो, पाण्याची वाफ नसल्यानं तापल्यावर दाब हिशोबात वाढतो. पण तिथं तो पहाटेपासून मोजून-मापून भरतात. आपण रस्त्यात एकदा साधी हवा मारली की झाली मिसळ. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडणारा पंक्चरवाला शोधा, बास.

वळणवेडी (पुणे)

ठरलं. बाइक ट्रेनने, टायर रोसो ४, माप तेच. कर्वे रोडवरच्या दोन दुकानांत विचारलं. एकाकडे पुढचा गेल्या वर्षीचा आणि मागचा त्याच्याही दोन वर्षं आधीचा निघाला. आकडे वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, मॅडम एवढं कोणी बघत नाही. दुसरा मागवून देतोय, दहा दिवस लागतील.

शेवटचं विचारते, टायर बदलताना व्हॉल्व्हही बदलायचे का? तो म्हणतोय गरज नाही, आहेत ते चालतील.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

बदला. टायरच्या किमतीत त्याचा हिशोबही लागत नाही, आणि टायर उतरलेला असताना दोन मिनिटांचं काम. रबरी व्हॉल्व्ह बुडाशी वाकवून बघा, बारीक चिरा दिसतील. वेगात चाक फिरताना तो बाहेरच्या बाजूला ओढला जातो आणि तिथनंच हवा सुटते. धातूचे, काटकोनातले मिळाले तर तेच घ्या. डिस्कच्या आडून गेज लावताना बोटं भाजत नाहीत. आणि टोप्या आतनं रबरी वॉशर असलेल्या घ्या, घट्ट लावा.